पोरं घडवायची, पण कोणाच्या पैशानं?

ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, तेव्हा अमेरिकेचा संघ महाराष्ट्रात आणि गोव्यात खेळून गेला. दिल्लीत सलामीलाच त्यांनी आपल्या पोरांना 3-0 असं हरवलं. नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोलंबियानं त्यांना 3-1 असा दणका दिला, आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावर उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडनं 4-1 नं त्यांचा गाशा गुंडाळला. त्या संघातले जॉश सार्जंट, टिम विआ आणि सर्जिनो डेस्ट हे तिघं पाच वर्षांनी कतारच्या विश्वचषकात अमेरिकेच्या थोरल्या संघातून उतरले.

ही धाकटी मंडळी भारतात असतानाच, 10 ऑक्टोबरला, थोरल्या संघानं त्रिनिदादमधल्या कूवा गावी 1-2 अशी हार खाल्ली. नुसती बरोबरी साधली असती तरी भागलं असतं. 1986 नंतर पहिल्यांदाच अमेरिकेचा विश्वचषक हुकला. एवढा पैसा, एवढी मैदानं, लाखोंनी खेळणारी पोरं, आणि तरी हे का, अशी ओरड सुरू झाली. उत्तर शोधायचं तर वीस वर्षं मागं जावं लागतं.

1998 च्या फ्रान्स विश्वचषकात अमेरिका तिन्ही सामने हरून बत्तीस संघांत शेवटून पहिली आली होती. अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशननं मग पोर्तुगीज प्रशिक्षक कार्लोस केरोश यांच्याकडून एक अहवाल तयार करून घेतला. 2010 पर्यंत विश्वचषक जिंकायचा, असा त्यातला बेत! तो अर्थातच कागदावर राहिला. पण त्याच हवेत 1999 साली फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला एक निवासी केंद्र उभं राहिलं. टेनिसवाल्या निक बोलेटिएरींच्या अकादमीतून वाढलेल्या आयएमजी अकादमीच्या आवारात देशभरातून निवडलेली मोजकी मुलं आणून ठेवली. राहणं, शाळा, सराव सगळं तिथंच आणि खर्च फेडरेशनचा.

पहिल्याच तुकडीनं डोळे दिपवले. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत अमेरिका चौथी आली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू लँडन डॉनोवन ठरला आणि दुसऱ्या क्रमांकावर होता डामार्कस बीझली, दोघंही ब्रॅडेंटनचे. तीन वर्षांत हे दोघं, वयाच्या विशीत, कोरिया-जपानच्या विश्वचषकात पोर्तुगालला आणि मेक्सिकोला हरवणाऱ्या संघात होते. तो संघ उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून एका गोलनं हरला.

पुढं मायकल ब्रॅडली, जोझी आल्टिडोर, ख्रिश्चन पुलिसिक यांचेही दिवस ब्रॅडेंटनला गेले. फ्रेडी अडूचेही. घानात जन्मलेला हा मुलगा 2004 मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी डीसी युनायटेडकडून व्यावसायिक सामना खेळला, त्याची पेलेशी तुलना झाली, आणि नंतर तो देशोदेशीचे क्लब बदलत राहिला. दोष ब्रॅडेंटनचा म्हणता येणार नाही. पण चौदा-पंधराव्या वर्षी तीस कोटींच्या देशातून चाळीसेक पोरं वेचायची आणि हीच उद्याचा राष्ट्रीय संघ म्हणायचं, हा हिशेब मला कधीच पटला नाही. या वयात एखाद्याला मिसरूड फुटलेली असते, तर दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. निवडणाऱ्याच्या नजरेत भरतो तो पहिला. 2013 मध्ये तर अमेरिकेचा सतरा वर्षांखालचा संघ विश्वचषकाला पात्रही ठरला नाही. 2017 मध्ये फेडरेशननं केंद्र बंद केलं. भारतात आलेला संघ त्याच्या अखेरच्या काळातला.

खरी गोम मात्र ब्रॅडेंटनच्या बाहेर होती. तिथं न पोचलेल्या लाखो मुलांचं काय? अमेरिकेत पोराला चांगल्या क्लबात घालायचं तर आईबापांनी वर्षाला हजारो डॉलर मोजायचे. गणवेश, प्रवास, हॉटेलं निराळी. न्यू जर्सीत किंवा डॅलसजवळच्या फ्रिस्कोत राहणाऱ्या मराठी नातेवाइकांचे शनिवार-रविवार मुलांना मैदानावर नेण्याआणण्यात कसे जातात, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. प्रशिक्षकाचा पगार या फीतून निघतो, म्हणजे क्लबाचं गिऱ्हाईक आईबाप. गिऱ्हाईकाला रविवारची ट्रॉफी हवी असते. मग दांडगट पोरांना पुढं ठेवून लांब चेंडू मारायचे आणि सामना काढायचा. चेंडू पायात ठेवून विचार करणारं बारकं पोर बाकावर, आणि ज्याच्या बापाकडे पैसेच नाहीत ते तर मैदानातच नाही.

बाकीच्या जगात ही फी भरायला दुसरा कोणी तरी असतो. खेळाडू परदेशी क्लबाला विकला गेला की फिफाच्या नियमानं रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. म्हणून ब्राझीलमधल्या आडगावचा क्लबही गरीब पोराला फुकट शिकवतो. शंभरातला एक विकला गेला तरी खर्च निघतो. अमेरिकेच्या फेडरेशननं मात्र हे आपल्या कायद्यात बसत नाही म्हणून वर्षानुवर्षं हात वर केले. डिआंड्रे येडलिन 2014 मध्ये टॉटनहॅमला गेला, तेव्हा त्याला लहानपणी शिकवणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातल्या क्रॉसफायर प्रीमियर क्लबनं वाटा मागितला. फिफापर्यंत दाद मागण्याची पाळी आली. अमेरिकन फुटबॉलचं सगळं दुखणं मला या एका प्रकरणात दिसतं. पोर घडवण्यात कोणाचा फायदाच नव्हता.

फेडरेशननं 2007 मध्ये डेव्हलपमेंट अकादमी नावाची देशभरची स्पर्धा काढली आणि क्लबांना सरावाची शिस्त लावली. 2012 पासून दहा महिन्यांचा हंगाम आणि शाळेच्या संघातून खेळायला मज्जाव. शाळेच्या संघाचं नाव पाठीवर मिरवण्यात धन्यता मानणाऱ्या देशात हे बरंच झोंबलं. 2020 च्या एप्रिलमध्ये, करोनात, फेडरेशननं ती अचानक गुंडाळली. त्याच वर्षी मेजर लीग सॉकरनं, म्हणजे एमएलएसनं, आपली ‘एमएलएस नेक्स्ट’ स्पर्धा सुरू केली.

तोवर वारं फिरलं होतं. स्वतःच्या अकादमीत वाढवलेल्या मुलाला थेट करार देण्याची मुभा एमएलएसच्या क्लबांना मिळाली होती, आणि क्लबांनी मुलांकडून फी घेणं सोडलं होतं. तरी शहाणपण लगेच आलं नाही. फ्रिस्कोच्या एफसी डॅलसनं वेस्टन मकेनीला लहानाचा मोठा केला. 2016 मध्ये अठरा पूर्ण होताच तो जर्मनीत शाल्केला निघून गेला आणि डॅलसच्या हाती दमडी आली नाही. त्याच अकादमीतला रिकार्डो पेपी, मेक्सिकोच्या सीमेवरच्या एल पासोचा मुलगा, 2022 च्या जानेवारीत आउग्सबुर्गला सुमारे दोन कोटी डॉलरना गेला. या दोन व्यवहारांत सहा वर्षांचं सुद्धा अंतर नाही. 2019 मध्ये एमएलएसनंही जाहीर केलं, की यापुढं आम्ही फिफाच्या नियमानं आमचा वाटा मागणार.

एमएलएसमधल्या फिलाडेल्फिया युनियननं तर पोरं घडवून विकण्यावरच घर चालवलं. रिची ग्रॅहम या गुंतवणूकदाराच्या पुढाकारानं 2013 मध्ये वेन गावी वायएससी अकादमी ही शाळा निघाली. वर्ग लहान, वेळापत्रक फुटबॉलभोवती बांधलेलं. सकाळी सराव उरकून पोरं वर्गात येऊन बसतात. कोणी पुढं व्यावसायिक झाला नाही तर निदान कॉलेजात जाण्याइतकं शिकलेला असावा, हा त्यामागचा विचार. एर्न्स्ट टॅनर हे जर्मन गृहस्थ 2018 मध्ये क्रीडा संचालक म्हणून आले आणि घरच्या मुलांना बिनधास्त मैदानात उतरवू लागले. 2020 मध्ये, महागडे तारे न आणता, युनियननं लीगमधल्या सर्वाधिक गुणांची ढाल जिंकली. त्या संघातला ब्रेंडन आरनसन साल्झबुर्गला आणि मार्क मकेंझी बेल्जियमच्या गेंकला विकला गेला. जुलै 2024 मध्ये युनियनच्याच कॅवन सलिव्हननं चौदा वर्षं 293 दिवसांचा असताना मैदानात पाऊल टाकून अडूचा विक्रम तेरा दिवसांनी मोडला. अठरा पूर्ण झाल्यावर त्यानं मँचेस्टर सिटीकडे जायचं हे आधीच ठरलंय. हे वाचून मला अडू आठवतो आणि जरा धास्ती वाटते, पण या मुलाच्या पाठीशी निदान एक शाळा आहे.

मुलींची गोष्ट उलटी. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानं कॉलेजांना मुलींच्या खेळालाही पैसे देणं भाग पाडलं, आणि बाकी जग बायकांच्या फुटबॉलला हसत असताना अमेरिकेत शिष्यवृत्त्यांवर पिढ्या घडल्या. चार विश्वचषक त्यातूनच आले. पण स्पेन, इंग्लंडचे क्लब मुलींना लहानपणापासून घडवू लागले तसं कॉलेज अपुरं पडू लागलं. 2021 मध्ये पंधरा वर्षांच्या ऑलिव्हिया मोल्ट्रीला खेळण्यासाठी महिला लीगला कोर्टात खेचावं लागलं. ती जिंकली आणि पोर्टलंड थॉर्न्सकडून खेळली. 2024 मध्ये महिला लीगनं कॉलेजातून खेळाडू वाटून घेण्याची ड्राफ्टची पद्धतच रद्द केली.

आता एमएलएसचे तीस क्लब आहेत, त्यांतले तीन कॅनडात. त्यांच्या अकादमीत निवड झाली तर मुलाच्या बापाला फीची चिंता नाही. पण मोंटाना, अलाबामा, ओक्लाहोमा अशा कित्येक राज्यांत यातला एकही क्लब नाही. तिथल्या चांगल्या पोराला आजही चांगला प्रशिक्षक हवा असेल, तर बहुतेक वेळा वर्षाची फी आईबापांनाच भरावी लागते.