अळीच्या पोटातली लढाई

ऊस चिरल्यावर मेलेल्या अळीशेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष दिसले, तर ते चिरडू नका. ते कोटेशिया या बारीक गांधीलमाशीचे, म्हणजे आपल्या मित्राचे आहेत.

ही माशी खोडकिडीच्या अळीत ३०-४० अंडी घालते. अळीही गप्प बसत नाही. तिच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याभोवती थरावर थर चढवतात, कवच काळे पडते, अंडे गुदमरते. पण माशी अंड्यांबरोबर एक विषाणू सोडते; तो या पेशींनाच लुळे करतो. प्रत्येक अळीत हे साधत नाही. केनियातील बुसिओला अळी ही अंडी मारून टाकते. म्हणून कीड ओळखूनच मित्रकीटक सोडावेत.

कोष दिसलेल्या फडात औषध मारायची घाई नको. माशी मरते, अळी मात्र कांड्यात सुखरूप राहते.