बदलते हवामान आणि घरातील उपद्रवी कीटक

पेडणे व डिचोली तालुक्यांतील घराघरांतून पावसाळ्याची पूर्वतयारी पिढ्यान्‌पिढ्या एका ठराविक क्रमाने होत आली आहे. मे महिन्याच्या कडक उन्हात तांदूळ, कडधान्ये, मिरची व आमसुले वाळवून पुरुमेंताची बेगमी करावयाची, छपराची कौले चाळावयाची, जळाऊ लाकडे आडोशाला रचावयाची आणि मृग नक्षत्राची वाट पाहावयाची, असा हा क्रम. घरातील किडामुंगीचा उपद्रव आटोक्यात ठेवण्याचे कामही या तयारीतच आपोआप साधले जात असे.

ऋतुमानाचे हे वेळापत्रक आता पूर्वीइतके भरवशाचे राहिलेले नाही. २०२५ मध्ये नैऋत्य मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि लगोलग गोव्यात येऊन पोहोचले. एरव्ही गोव्यात त्यांचे आगमन जूनच्या पहिल्या आठवड्यात होते. एखाद्या वर्षी पाऊस लवकर आला, एवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही, हे खरे. तथापि १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. हवा तापली की तिच्यात बाष्प अधिक मावते आणि पाऊस पडतो तेव्हा तो जोराने पडण्याचा संभव वाढतो.

कीटकांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या हवेनुसार बदलते. म्हणूनच ऊब आणि ओलावा वाढला की, एका मर्यादेपर्यंत, त्यांची वाढ जलद होते. याचा परिणाम आपल्या घरात कसा दिसतो व त्यावर काय करता येते, ते पाहू.

साठवणीतील धान्य

तांदळातील सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो. त्यामुळे वरवर स्वच्छ दिसणारा चाळलेला तांदूळही निर्धोक असेलच असे नाही. उबदार व दमट हवेत सुमारे महिनाभरात त्याची नवी पिढी बाहेर पडते. धान्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली असल्यास मात्र त्याची वाढ पुष्कळ मंदावते. मे महिन्यातच पाऊस आला, तर धान्य अर्धवट वाळलेले कणगीत जाते आणि वर्षाची बेगमी श्रावणापूर्वीच किडू लागते. यास्तव वाळवणाचे काम मे अखेरीवर न ठेवता मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. नीट वाळलेला दाणा दाताखाली कटकन फुटतो. जुने धान्य नव्यात मिसळू नये. घट्ट झाकणाचे डबे वापरावेत, दर पंधरवड्याला ते उघडून पाहावेत आणि पावसाने उघडीप देताच धान्यास ऊन दाखवावे.

डास

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घराच्या परिसरातील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी मिळताच फुटतात. त्यानंतर ७ ते १० दिवसांत डास तयार होतो. तापमान वाढल्यास डासाच्या शरीरात रोगाचे विषाणूही लवकर पक्व होतात. काजूचा हंगाम संपल्यावर भट्टीजवळ उघडी पडलेली मडकी व पिंपे, खनिज वाहतुकीच्या ट्रकांची जुनी टायरे, नारळाच्या करवंट्या व बांधकामावरील टाक्या अवकाळी पावसाच्या एकाच सरीत भरतात. आठवड्यातून एक दिवस ही सर्व भांडी रिकामी करून नारळाच्या सोडणाने आतून घासावीत, म्हणजे चिकटलेली अंडीही निघून जातात.

पणजीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिवतापाने डोके वर काढले होते. त्यानंतरच्या दशकात गोव्यात डासांच्या अळ्यांवर जिवाणूजन्य औषध व स्थानिक लहान मासे यांचे यशस्वी प्रयोग झाले. डास उडू लागण्यापूर्वीच त्याला गाठणे अधिक परिणामकारक असते, हाच त्यांचा बोध. धुराच्या फवारणीने केवळ त्या वेळी उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

वाळवी

पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमते. हे नव्या वसाहती वसण्याचे चिन्ह होय. पाऊस आधी आला की तीही आधी निघते. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्यास त्या केवळ खरवडून भागत नाही. गळके छप्पर व ओल धरणारी भिंत आधी दुरुस्त करावी आणि लाकडे भिंतीपासून व जमिनीपासून दूर रचावीत. वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत उपयुक्त आहे, मात्र ते कातडी पोळते, म्हणून हातमोजे वापरावेत. वारूळ हे सातेरीचे रूप मानणाऱ्या आपल्या प्रदेशात रानातील वारुळे मोडण्याचेही कारण नाही, कारण तेथे वाळवी पालापाचोळा कुजवून जमीन सुपीक करते.

उंदीर

जुलै २०२१ च्या पुराने सत्तरी, डिचोली व पेडणे तालुक्यांतील अनेक घरांत पाणी शिरले होते. अशा वेळी बिळे बुडाल्याने उंदीर घरांचा आश्रय घेतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायास जखम असल्यास साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नये आणि ताप आल्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात जावे.

औषधांबाबत दक्षता

उपद्रव वाढला की विषारी औषधांचा मारा करण्याकडे कल होतो. एकच औषध वारंवार वापरल्यास कीटक त्याला दाद देईनासे होतात. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कदापि वापरू नयेत. हवेतील ओलाव्यानेच त्यांतून प्राणघातक वायू सुटतो आणि पावसाळ्यातील बंद खोलीत त्याचा धोका अधिक असतो.

सारांश, तारखेवर विसंबून राहण्याचे दिवस सरले आहेत. आता दर आठवड्याच्या पाहणीची सवय लावून घेतली पाहिजे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पहिला पाऊस, पहिली पंखधारी वाळवी व पाण्यातील पहिली अळी यांच्या तारखांची नोंदवही ठेवून घ्यावी, आणि पंचायतींनी ती दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या गावाचे ऋतुमान कसे बदलत आहे, हे गावालाच उमगेल आणि कोणत्या आठवड्यात कोणत्या कामास लागावे, हेही ठरविता येईल.