एएतो... म्हणजे, ते आपलं...

थर्ड इयरला असताना एका जपानी कंपनीचा इंटरव्ह्यू दिला. जेएलपीटीची एन-४ लेव्हल पास होतो, त्यामुळे कॉलर ताठ! "प्रोजेक्टबद्दल सांगा," असं त्यांनी जपानीत विचारलं. प्रश्न कळला. मी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवलं, मग ते उलटंपालटं करून जपानीत न्यायला घेतलं. तोवर तोंडातून अवाक्षर नाही. त्यांना वाटलं, याला प्रश्नच समजला नाही. पुढचं सगळं इंग्रजीत झालं आणि मी घरी! जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, हे तेव्हा चांगलंच जाणवलं.

आमच्या जपानीच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, अडलास तर अडलास, गप्प का बसलास? 'एएतो' तरी म्हणायचंस! आणि इंग्रजीत कशाला शिरलास? मराठी काय वाईट आहे?"

मित्रांनो, गंमत बघा. 'वाताशि वा किनोऽ एइगा ओ मिमाशिता.' वाताशि म्हणजे मी, किनोऽ म्हणजे काल, एइगा म्हणजे सिनेमा, मिमाशिता म्हणजे पाहिला. मी काल सिनेमा पाहिला. क्रम तोच! 'वा', 'ओ' हे शब्दामागे लागतात, आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे. 'नाही'सुद्धा शेवटी येतं: 'मिमासेन देशिता', पाहिला नाही.

हे झालं पुस्तकातलं. बोलताना जपानी माणूस म्हणेल, 'मिता यो, किनोऽ, आनो एइगा.' म्हणजे "पाहिला की, काल, तो सिनेमा!" क्रियापद आधी निसटलं, राहिलेलं मागून जोडलं. आपण मेसमध्ये असंच बोलतो की! 'ओ' तर पार गळालाच.

म्हणजे वाक्य आधी पूर्ण रचायची गरज नाही. एकेक तुकडा ठेवत जायचा. मध्ये अडलं की 'एएतो' किंवा 'आनो'. दोन्हींत फरक आहे, हे सादानोबू आणि ताकुबो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलं. डोक्यात उत्तर शोधताना 'एएतो'. समोरच्याला कसं सांगावं हे जुळवताना 'आनो'. एकट्यानं मनात गणित करताना 'एएतो' चालतं, 'आनो' विचित्र वाटतं. 'आनो'चा मूळ अर्थ 'तो, ती, ते'. आपण नाही का म्हणत, "ते हे रे... ते आपलं..."!

ऐकणाराही गप्प नसतो. तुकड्यातुकड्याला 'हाइ', 'उन्' म्हणतो. त्याला आइझुचि म्हणतात. त्याचा अर्थ 'पटलं' असाच नव्हे. 'ऐकतोय, चालू दे' एवढाच. आपला 'हं' तोच.

फायनल इयरला दुसरा इंटरव्ह्यू झाला. 'एएतो' किती वेळा म्हटलं, मोजलं नाही. दोनदा क्रियापद आधी निसटलं, बाकीचं मागून जोडलं. सिलेक्शन काही झालं नाही. पण इंटरव्ह्यू शेवटपर्यंत जपानीतच झाला!