पाहुणा तारा जवळून गेला तर?

आकाशातील तारे स्थिर असतात असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरे नाही. १७१८ साली एडमंड हॅली यांनी जुन्या नोंदींशी ताडून दाखवले की व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे आपल्या जागेवरून सरकले आहेत. साधारण त्याच काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सवाई जयसिंगांनी आपल्या उज्जैनमध्ये वेधशाळा बांधली. पुढे १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. हे नाव आपल्या मुलांना माहीत असावे असे आम्हाला वाटते.

तारे चालतात, तर मग एखादा आपल्या सूर्याजवळूनही जात असेल! त्याने काय होईल? हे समजण्यासाठी आपण एक नकाशा मांडू. देवास गेटच्या बसस्थानकावर सूर्य म्हणून हरभऱ्याएवढा दाणा ठेवा. पृथ्वी त्यापासून १ मीटरवर, म्हणजे धुळीच्या कणाएवढी. शेवटचा ग्रह नेपच्यून ३० मीटरवर. तोही स्थानकाच्या आवारातच मावला. आता सर्वांत जवळचा तारा, मित्र तारकेजवळचा प्रॉक्झिमा, कुठे ठेवाल? २६८ किलोमीटरवर, भोपाळच्याही पुढे!

मधली जागा मात्र अगदी रिकामी नाही. काही किलोमीटरपासून ते सुमारे शंभर किलोमीटरपर्यंत बर्फाळ गोळे विखुरलेले आहेत. यान ऊर्ट यांनी १९५० साली ही कल्पना मांडली, म्हणून त्याला ऊर्टचा मेघ म्हणतात. सूर्याची पकड तिथे फार सैल असते. एखादा तारा जवळून गेला की त्याच्या ओढीने काही गोळ्यांची चाल बदलते आणि ते धूमकेतू होऊन आत येऊ लागतात. पण घाई नसते. खाली पोहोचायला त्यांना लाखो वर्षे लागतात.

असे पाहुणे येऊन गेले आहेत. सुमारे ७० ते ८० हजार वर्षांपूर्वी शोल्झचा तारा जवळजवळ एक प्रकाशवर्षावरून गेला, आपल्या नकाशात म्हणजे इंदूरजवळून. तेव्हा पृथ्वीवर माणूस होता, तरी त्याला तो साध्या डोळ्यांनी दिसला नसावा, इतका तो मंद आहे. तो हलकाही आहे आणि वेगानेही गेला, म्हणून त्याने विशेष काही बिघडवले नाही. यात एक नियम लक्षात ठेवा: तारा जितका जड, जितका जवळ आणि जितका सावकाश जाईल, तितकी त्याची ओढ जास्त; सावकाश जाणाऱ्याला ओढायला वेळ मिळतो.

पुढचा मोठा पाहुणा ग्लीझ ७१०. सध्या तो सर्प तारकासमूहात, ६२ प्रकाशवर्षे दूर आहे. गाया या युरोपीय अंतराळयानाच्या मोजमापांनुसार सुमारे १३ लाख वर्षांनी तो ०.१७ प्रकाशवर्षावर येईल. नकाशात देवास गेटपासून अवघ्या दहा-अकरा किलोमीटरवर! तो सरळ ऊर्टच्या मेघातून जाईल आणि धूमकेतूंची संख्या वाढवील. पृथ्वीची कक्षा मात्र त्याने बदलणार नाही.

मग धोका कुठे आहे? तो आडवाटेने येतो. तारा बाहेरच्या मोठ्या ग्रहांना किंचित ढकलतो. तो धक्का ग्रहांच्या परस्पर ओढीतून कोट्यवधी वर्षांत आतपर्यंत पोहोचतो. बुध त्यात सर्वांत कच्चा, कारण गुरूच्या ओढीने त्याची कक्षा आधीच लांबट होऊ शकते. २०२५ साली नेथन केब आणि शॉन रेमंड यांनी संगणकावर पुढच्या ५ अब्ज वर्षांची हजारो गणिते केली. त्यात पृथ्वी दुसऱ्या ग्रहावर आदळण्याची किंवा सूर्यमालेबाहेर फेकली जाण्याची शक्यता हजारात दोन इतकी निघाली. थोडी आहे, पण शून्य नाही. आणि कक्षा नुसती लांबट झाली तरी ऋतू बिघडतात. पाणी गोठते किंवा आटते. जीवसृष्टीला ग्रह फुटण्याची गरजच पडत नाही.

(कोणी विचारण्याआधीच सांगतो: याचा साडेसातीशी काही संबंध नाही.)

सूर्य आज विरळ वस्तीत राहतो, हे आपले नशीब. कृत्तिकेसारख्या तारकागुच्छात तारे दाटीवाटीने असतात आणि तिथे जवळून जाणे नित्याचे. सूर्यही अशाच एखाद्या गुच्छात जन्मला असावा. २००३ साली सापडलेल्या सेडना या दूरच्या गोलाची विचित्र लांबट कक्षा त्या बालपणीच्या धक्क्याची खूण असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

त्या मानाने नजीकचा पाहुणा म्हणजे बार्नार्डचा तारा. आज तो ६ प्रकाशवर्षांवर आहे आणि इसवी सन ११८०० च्या सुमारास पावणेचार प्रकाशवर्षांवर येईल. प्रॉक्झिमा आज आहे त्याहून थोडा जवळ, तरीही दुर्बिणीशिवाय तो तेव्हाही दिसणार नाही.