खाणं कमी, चरबी जास्त

जन्मापासून निर्जंतुक पेटीत वाढवलेले उंदीर भरपूर खाऊनही सडपातळच राहत. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या चमूने साध्या उंदरांच्या आतड्यातला ऐवज या निर्जंतुक उंदरांच्या केसांना चोपडला, आणि जीवाणू पोटात गेले. दोन आठवड्यांत अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली; खाणं मात्र उलट घटलं होतं! हा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

खाणं घटूनही चरबी कशी वाढली, याचा एक धागा जीवाणूंच्या कामात आहे. भाजी-भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्लं तयार होतात. तिथल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. आपल्या रोजच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा अशा आम्लांतून येतो, आणि चोथा कमी खाल्ला तर तोही घटतो.