ग्लूटेनमुक्त पास्ता : घरगुती कृती व घ्यावयाची दक्षता

गहू, सातू व राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. सीलिएक विकार असलेल्या व्यक्तीने ते सेवन केल्यास लहान आतड्याच्या अस्तरास इजा होते व पोषक द्रव्ये नीट शोषली जात नाहीत. बालकांची वाढ खुंटणे, वरचेवर जुलाब होणे व रक्तक्षय ही त्याची लक्षणे असू शकतात. ग्लूटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच यावरील उपचार होय. अशा मुलांना इतरांच्या ताटातील पदार्थ नाकारावे लागतात. तथापि, पास्त्यासारखा पदार्थ घरच्या घरी ग्लूटेनविरहित करता येतो.

गव्हाचे पीठ भिजवून मळले असता ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. त्यामुळे यंत्राच्या रुळांतून लाटताना कणीक तुटत नाही. तांदळाच्या पिठास हा गुण नसल्याने त्यास दुसरे बांधणारे द्रव्य लागते. कोकण व गोव्यात शिरवाळे करताना पिठाचे गोळे पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यातून दाबतात. तेथे शिजलेले पिष्ट हेच काम करते. रुळांच्या यंत्रासाठी मात्र अंडे व इसबगोल उपयोगी पडतात.

साहित्य : तांदळाचे बारीक पीठ २०० ग्रॅम, मक्याचे पांढरे पिष्ट (कॉर्नफ्लोअर) ५० ग्रॅम, अंडी २, इसबगोल १० ग्रॅम, पाणी ६० मिलिलिटर, तेल १ चमचा, चवीपुरते मीठ.

कृती : इसबगोल पाण्यात १० मिनिटे भिजवावा. सर्व जिन्नस एकत्र करून पीठ मळावे. कोरडे वाटल्यास चमचाभर पाणी घालावे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे. नंतर लहान गोळे करून, हाताने चपटे करून, यंत्राच्या सर्वांत रुंद फटीतून काढावेत व फट एकेक अंशाने कमी करावी. अगदी शेवटच्या अंशापर्यंत जाऊ नये. पातळ पट्टी फाटते. कडा फाटल्यास पट्टी दुमडून पुन्हा रुंद फटीतून काढावी. कापलेल्या पट्ट्या उकळत्या खारट पाण्यात साधारण ३ मिनिटे शिजवाव्यात व चव पाहून उतरवाव्यात.

दक्षता : पास्त्याचे यंत्र सहसा पाण्याने धुता येत नाही. त्यामुळे पूर्वी गव्हासाठी वापरलेल्या यंत्राच्या रुळांत पिठाचे कण राहतात. भारतीय मानकानुसार ग्लूटेनमुक्त अन्नात दर किलोस २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. एवढे प्रमाण ओलांडण्यास थोडे पीठही पुरते. यास्तव रुग्णासाठी यंत्र, चाळणी व पोळपाट-लाटणे स्वतंत्र असावे. गिरणीतील पिठात गव्हाची भेसळ होण्याचा संभव असल्याने तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळणे इष्ट. रवा सहसा गव्हाचा असतो व बाजारातील बांधणीच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, हे ध्यानी ठेवावे.

विकाराचा केवळ संशय असल्यास गहू परस्पर बंद करू नये. गहू आहारात असतानाच रक्ततपासणीचा निष्कर्ष विश्वसनीय ठरतो. म्हणून प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा व निदान झाल्यावरच पथ्य सुरू करावे.