सदाफुली आणि कर्करोगविरोधी संशोधन

सदाफुली (शास्त्रीय नाव: कॅथरँथस रोझियस) ही मूळची मादागास्करमधील, महाराष्ट्रात अंगणांत सर्रास आढळणारी वनस्पती आहे. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेतला जाई. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी पानांच्या अर्काची उंदरांवर चाचणी केली. रक्तशर्करा घटली नाही; मात्र अर्क टोचल्यावर पांढऱ्या रक्तपेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे अल्कलॉइड हाती आले. ते पेशीविभाजन रोखते आणि हॉजकिन्स लिम्फोमावर वापरले जाते.

पानांच्या अर्कात अँटिऑक्सिडंट गुणही आढळतात. डीपीपीएच चाचणीत जांभळे द्रावण पिवळसर होते. तथापि, परीक्षानळीतील हा गुण कर्करोगावरील परिणामाचा पुरावा ठरत नाही. वनस्पती विषारी असल्याने पाने खाणे धोकादायक आहे. शुद्ध केलेले औषध मोजक्या मात्रेत शिरेवाटे देतात.